छत्री, झाडू आणि चाळण

बाईंना कुठलीही वस्तू निवडायला वेळ लागायचा, हे घरीदारी सगळ्यांना ठाऊक होतं. साधी बादली घ्यायला गेल्या तरी दुकानातल्या झाडून सगळ्या बादल्या उचलून, कड्या हलवून, तळाला बोट फिरवून बघणार आणि दुकानदार वैतागून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला की ‘बघते, उद्या येते’ म्हणून बाहेर पडणार. नवरा अशा वेळी फुटपाथवर उभा राहून समोरच्या इमारती न्याहाळायचा. बादली आली काय नि न आली काय, त्याला फरक पडत नसे.

यात थोडा हात बाईंच्या कामाचाही होता. बाई कवळ्या बनवायच्या. दातांच्या दवाखान्यांतून पेशंटच्या हिरड्यांचे साचे लॅबमध्ये यायचे. त्यांवरून प्लास्टरचे जबडे ओतायचे, जबड्यांवर मेणाची हिरडी चढवायची आणि मग खोक्यातून एकेक दात उचलून त्या मेणात रोवायचा. दात पांढरे असतात, असं ज्यांनी कधी दात निवडले नाहीत त्यांना वाटतं. बाईंच्या टेबलावर रंगांची एक पट्टी असायची. तिच्यावर पिवळसर, करडे, तांबूस, दुधी असे नमुन्याचे दात ओळीने लटकलेले. ती खिडकीपाशी धरून बाई डोळे बारीक करायच्या. लॅबमधले लोक त्यांना मागून कवळीबाई म्हणायचे. बाईंना ते माहीत होतं. “माझ्या पाठीमागे दात काढणाऱ्यांनी जपून राहावं,” त्या म्हणायच्या, “पुढेमागे ते माझ्याकडूनच बसवून घ्यायचेत.”

घरात तीन माणसं होती: बाई, नवरा आणि सासरे. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच माणूस, हात ग्रीसने कायमचे काळवंडलेले आणि बोलणं मोजकं. लिफ्टबद्दल विचारलं तर मात्र तोंडाला कुलूप राहायचं नाही. सासऱ्यांचं उलटं. ते पोस्टातून निवृत्त झालेले, आणि गप्पांना त्यांना विषय लागत नसे, फक्त समोर माणूस लागायचा. त्यांचे दात गेले तेव्हा बाईंनी जीव ओतून त्यांच्यासाठी कवळी बनवली. रंग जुळवायला त्यांना खिडकीत इतक्यांदा बसवलं की शेवटी ते म्हणाले, “अगं, मी मुलगी बघायला निघालोय की काय?” कवळी उत्तम बसली. पण सासरे ती जेवणापुरतीच लावायचे आणि हात धुतले की काढून सदऱ्याच्या खिशात टाकायचे.

“बाबा, ती लावून ठेवायची असते,” बाई म्हणायच्या.

“तुझे दात जेवायला झकास आहेत गं. पण मी बोलायला लागलो की तेही मध्ये मध्ये बोलतात.”

त्यामुळे त्यांचे उतारवयातले सगळे फोटो मिटल्या ओठांचे होते. कॅमेरा दिसला की ते ओठ असे आवळायचे की हसरा माणूस एकदम कोर्टाच्या पायरीवर उभा असल्यासारखा दिसायचा.

मग ते न्हाणीघरात पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण उभे काही राहिले नाहीत. बाईंनी बाहेरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर शोधाशोध सुरू केली. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी, घडी होणारी कमोडची खुर्ची, पलंगाला लावायचा कठडा, चाकांची खुर्ची. बादलीसाठी जी करायच्या तीच चिकित्सा त्यांनी यासाठी केली, आणि या वेळी नवरा फुटपाथवर न राहता शेजारी बसून बघत होता. सामान चांगलं आलं. सासऱ्यांच्या पाठीला शेवटपर्यंत एक फोड आला नाही. पण माणूस खंगत गेला आणि एका सकाळी, चहा निवायच्या आत, गेला.

लोक येऊन गेले. चाकांची खुर्ची आणि गादी गरजूंना दिली. खोली मोकळी झाली. नवरा चौथ्याच दिवशी कामावर गेला आणि वडिलांबद्दल चकार शब्द बोलेनासा झाला. बाईंनी एकदोनदा विषय काढून पाहिला, तर तो म्हणाला, “हं,” आणि नव्या इमारतीतल्या लिफ्टचा दरवाजा कसा अडकतो ते सांगायला लागला.

कॉम्प्युटरला मात्र कोणी सांगितलं नव्हतं की म्हातारे गेले. बाई बातम्या उघडायच्या, की कडेला चाकांची खुर्ची. दुधाच्या भांड्यावरचा डाग कसा काढावा हे बघायला जायच्या, तर मध्येच हवेची गादी. ‘आईवडिलांना पुन्हा उभं करा!’ असं मोठ्या अक्षरांत यायचं. गेलेल्या माणसाच्या नावाने सामान येतच होतं, फक्त दाराऐवजी पडद्यावर. बाईंनी आधी दुर्लक्ष केलं. दिवसभर परक्यांचे जबडे हाताळणाऱ्या बाईला असल्या गोष्टींनी हलायचं काही कारण नाही, असं त्यांचं स्वतःबद्दलचं मत होतं.

नवरा संध्याकाळी कामावरून आला की हात धुऊन कॉम्प्युटरपुढे बसायचा. लिफ्टचे सुटे भाग विकणारी एक साइट होती, ती तो लोक मासिक चाळतात तशी चाळायचा. एकदा बाई स्वयंपाकघराच्या दारात भांडं पुसत उभ्या होत्या. त्यांना दिसलं, की त्याचा हात माउसवर तसाच थांबलाय. पडद्याच्या उजव्या बाजूला चाकांच्या खुर्चीची जाहिरात होती. खुर्चीत एक म्हातारे तोंड भरून हसत होते, मागे बाग. नवरा बराच वेळ तसाच बसला आणि मग पडदा चालूच ठेवून गॅलरीत जाऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशी तेच. त्या आठवड्यात पुन्हा तेच.

बाईंनी भांडं जागेवर ठेवलं आणि ठरवलं, की या जाहिराती घरातून गेल्या पाहिजेत.

लॅबमध्ये यंत्रावर दात कोरणारा एक तिशीचा माणूस होता. जगातल्या कुठल्याही प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर तयार असायचं, म्हणून त्याला सगळे सर्वज्ञ म्हणत. बाईंनी त्याला गाठलं.

“जाहिराती बंद करायचं काही असतं ना?”

“अ‍ॅड ब्लॉकर. ब्राउझरला जोडायचा. दोन मिनिटांचं काम.”

“कुठला चांगला?”

“सगळे सारखेच. टाका कुठलाही.”

‘सगळे सारखेच’ हे शब्द ऐकून बाईंना बरं वाटत नसे. पण त्या दिवशी त्यांना घाई होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी ठरवलं, की या वेळी चिकित्सा करायची नाही. घरी येऊन त्यांनी शोधलं, सगळ्यात वर जो आला त्यावर बोट दाबलं. हिरव्या छत्रीचं चित्र होतं. छत्रीने विचारलं, तुम्ही उघडता ती सगळी पानं वाचायची आणि बदलायची परवानगी आहे का? बाई थबकल्या. माश्या वारायला ठेवलेल्या माणसाने घरातल्या सगळ्या कपाटांच्या किल्ल्या मागाव्यात, तसलं हे. पण पानावरची जाहिरात काढायची तर पान वाचायला हवंच, असं मनाशी म्हणून त्यांनी ‘हो’ केलं.

दोन दिवसांत जाहिराती वाढल्या. खुर्च्या, गाद्या होत्याच. वर पत्त्यांचे जुगार आले, पोट कमी करायच्या गोळ्या आल्या आणि एक बाई तर नुसतीच डोळे मिचकावत कोपऱ्यात येऊन बसली. नवऱ्याने ते पाहिलं. “तू पत्ते खेळतेस का?” त्याने विचारलं. बाईंना त्याला नीट सांगताही येईना.

त्यांनी नणंदेला फोन लावला. ही नवऱ्याची धाकटी बहीण, दुसऱ्या गावात एका मोठ्या कचेरीतले कॉम्प्युटर सांभाळायची. घरात तिला सगळे धाकटीच म्हणत.

“काय नाव आहे त्याचं? अक्षरं वाचून दाखवा,” धाकटी म्हणाली. बाईंनी वाचली.

“वहिनी, यात एक अक्षर जास्त आहे. ही नकली छत्री आहे. खरीची नक्कल करून कुणीतरी सोडलीय. कुठून घेतलीत?”

“शोधलं तर सगळ्यात वर तीच होती.”

“वर होती ती जाहिरात होती!”

“जाहिराती बंद करणाऱ्याची जाहिरात?”

“मग! आणि तुम्ही पहिली दिसली तीच घेतलीत? तुम्ही? बादलीवाल्या वहिनी?”

दोघी हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या. मग धाकटीने छत्री कशी काढायची, पासवर्ड कसे बदलायचे ते एकेक करून सांगितलं. सगळं झाल्यावर तिने विचारलं, “पण एकदम हे का काढलंत?”

“तुझ्या दादासाठी. बाबांच्या खुर्च्या अजून येतायत. तो बघतो आणि उठून जातो.”

धाकटीने हळूच विचारलं,

“बोलतो का काही?”

“लिफ्टबद्दल.”

“हं,” धाकटी म्हणाली. हुबेहूब भावासारखं.

आता बाई मूळ स्वभावावर आल्या. सुट्टीच्या दिवशी चहाचा मोठा कप घेऊन त्या बसल्या आणि लोकांनी लिहिलेले बरेवाईट अनुभव वाचू लागल्या. सगळ्यांत जास्त नावाजलेल्याच्या चित्रात झाडू होता. हा खरा होता, कित्येक वर्षांचा होता, लाखो लोक वापरत होते. बाईंनी अक्षरं दोनदा तपासून तो बसवला. पानं एकदम स्वच्छ झाली. जुगार गेले, डोळे मिचकावणारी गेली. नवऱ्याच्या लक्षात काही आलेलं दिसलं नाही, आणि बाईही काही बोलल्या नाहीत.

पण झाडूने चार दिवस चांगले दाखवले आणि पाचव्या दिवशी खुर्ची परत आली. या वेळी लहान होती, हलत नव्हती, मोठ्याने बोलत नव्हती, पण खुर्चीच होती. बाईंनी झाडूची सगळी पानं उलथीपालथी केली तेव्हा एका कोपऱ्यात सापडलं: काही जाहिराती ‘सौम्य’ मानून आत सोडल्या जातात, आणि त्यासाठी मोठ्या कंपन्यांकडून झाडूवाल्यांना पैसे मिळतात. खाली एक बारीक चौकोन होता. त्यातली खूण काढली की त्याही बंद व्हायच्या. यात लपवाछपवी अशी नव्हती, सगळं लिहून ठेवलेलं होतं. बाईंनी खूण काढली. तरी मन उतरलंच. त्यांनी सर्वज्ञाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “सौम्य जाहिरातीने काय बिघडतं?”

“खुर्ची सौम्यच होती,” बाई म्हणाल्या.

तिसरी होती ती चाळण. चित्रही अगदी साधं, शाळकरी पोराने काढल्यासारखं. ती फुकट काम करणाऱ्या काही लोकांनी बनवली होती. कुठल्या जाहिराती गाळायच्या याच्या याद्या जगभरचे लोक बसून भरत, आणि एकमेकांशी हमरीतुमरीवर येऊन भांडत. बाईंनी त्यांची ती भांडणं वाचली. कुणी लिहिलं होतं, की पानावरच्या एखाद्या रेघेच्या मागे जाहिरात आहे की नुसती रेघ, हे नक्की झाल्याशिवाय ती गाळू नका. त्यावर खाली चौदा जणांनी वाद घातला होता. रेघेवरून इतका काथ्याकूट करणारी माणसं बाईंना आपल्यातली वाटली. त्यांनी झाडू काढला आणि चाळण बसवली.

आता पानांवर कुठे कुठे मोकळी पांढरी जागा दिसू लागली. एखाद्या तोंडातला दात काढल्यावर दिसते तशी. बाईंना त्याची सवय होती.

पुढच्या संध्याकाळी त्या ओट्यापाशी होत्या तेव्हा बाहेरून हाक आली.

“अगं, इकडे ये जरा. पुलीचं चित्रच येत नाहीये.”

सुट्या भागांच्या साइटवर चित्रांच्या जागी नुसते राखाडी चौकोन होते. चाळणीने जाहिरातींबरोबर पुल्याही गाळल्या होत्या. बाईंनी हात पुसले आणि आता सांगावंच लागणार म्हणून सगळं सांगितलं: छत्री, झाडू, चाळण. तो ऐकत होता. मग त्याने विचारलं,

“म्हणजे ते म्हातारे पण त्यातच गेले?”

“कोण म्हातारे?”

“खुर्चीतले.”

बाई त्याच्याकडे वळल्या. “त्यांच्यामुळेच तर केलं हे सगळं. तुम्ही ते बघून उठून जायचात. मला वाटलं, तुम्हाला त्रास होतो.”

“व्हायचा,” तो म्हणाला. “पण बघायचो.”

तो माउसची तार बोटाभोवती गुंडाळत होता. “बाबांसारखे दिसायचे. नाक नाही, कपाळ नाही. हसणं. म्हणजे बाबा हसले असते ना दात दाखवून, तसं. आपल्याकडे त्यांचा तसा एकही फोटो नाही.”

बाईंनी शेजारची खुर्ची ओढली. त्यांनी त्या साइटपुरती चाळण बंद केली आणि पान पुन्हा उघडलं. पुल्या आल्या, सगळ्या, चकचकीत. उजव्या बाजूला पळण्याचे बूट आले. पुन्हा उघडलं, तर घराला रंग देणारे आले. मग विम्याची एक बाई. जाहिरातींचं तसंच असतं. नको तेव्हा पाठ सोडत नाहीत आणि बोलावलं म्हणून येत नाहीत. बाईंनी खुर्चीवाल्यांच्या दुकानाची साइट उघडून पाहिली. तिथे त्यांनी चित्र बदललं होतं. आता खुर्चीत एक आजी होत्या, आणि मागे बागेऐवजी समुद्र.

“राहू दे,” नवरा म्हणाला.

पण बाई उठल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. बाबा गेले त्या सकाळी, लोक यायच्या आधी, मी त्यांची कवळी लावली होती.”

त्याने मान वळवली.

“तोंड आत गेलेलं दिसत होतं. इतक्या लोकांसमोर त्यांना तसं ठेवायचं मला बरं वाटेना. तुम्ही फोनवर होतात, धाकटीशी बोलत होतात. मी लावली.”

“म्हणून,” तो म्हणाला. “म्हणून ते त्या दिवशी मला वेगळे दिसले. मला वाटत होतं, आत्ता डोळे उघडतील आणि काहीतरी बोलतील. मी कुणाला म्हणालो नाही. वेड लागलंय म्हणाले असते.”

“बोलले असते तर दातांनीही मध्ये मध्ये बोलून घेतलं असतं.”

तो हसला आणि हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला. त्याने काळ्या हातांनी तोंड झाकलं. बाई शेजारी बसून राहिल्या. त्यांनी पाठीवर हात वगैरे ठेवला नाही. त्यांच्या घरात तशी रीत नव्हती. आत भाजी करपली, तिचा वास आला, तेव्हा त्या उठून गॅस बंद करून परत आल्या.

त्या संध्याकाळी तो वडिलांबद्दल बोलला. लहानपणी ते त्याला पोस्टात नेऊन शिक्का मारायला द्यायचे आणि त्याने एकदा स्वतःच्या कपाळावर मारून घेतला होता, तो दोन दिवस निघाला नव्हता. “शाळेत सगळे म्हणायचे, याला कुठे पाठवायचंय?” बाई इतकी वर्षं त्या घरात होत्या, पण ही गोष्ट त्यांनी पहिल्यांदाच ऐकली. करपलेली भाजी दोघांनी खाल्ली. मग धाकटीला फोन लावला, तर तिने सांगितलं, की शिक्का कपाळावर नव्हताच, गालावर होता. त्यावरून भाऊबहिणीचं चांगलंच वाजलं.

चाळण राहिली. सुट्या भागांच्या साइटपुरती तेवढी बंद ठेवली. तिथे उजव्या बाजूला काहीबाही येत राहिलं, आणि नवरा ते वाचेनासा झाला. फोटोंचं कपाट उघडून धाकटीने पुढच्या खेपेला येऊन शोधाशोध केली, पण दात दाखवून हसणारे म्हातारपणचे बाबा सापडले नाहीत. ते नव्हतेच. नवऱ्यानेही पुन्हा विषय काढला नाही. म्हणजे त्या फोटोचा काढला नाही. बाबांचा अधूनमधून निघायचा.

लॅबमध्ये मात्र बातमी पसरली, की कवळीबाईंना जाहिराती घालवता येतात. लोक टेबलाशी येऊ लागले. बाई प्लास्टरची धूळ झटकायच्या आणि आधी एकच विचारायच्या, “कुठली जाहिरात नकोय?”

“कुठली म्हणजे? सगळ्याच.”

“तरी. कुठल्या जाहिरातीमुळे उठून इथवर आलात?”

बहुतेक लोक हसून काहीतरी सांगायचे, कर्जं, गोळ्या, पंखे. दवाखान्यांतून साचे गोळा करून आणणारी एक बाई होती, सदा घाईत. ती पिशवी न ठेवताच म्हणाली, “पाळण्यांची.” आणि मग पिशवी खाली ठेवली.

बाईंनी पुढे काही विचारलं नाही. तिचा फोन घेतला, चष्मा नाकावर सरकवला आणि म्हणाल्या, “फोनचं जरा वेगळं असतं. आधी ब्राउझर बदलावा लागेल. बस, वेळ लागेल.” ती बसली. पुढच्या दवाखान्यातून दोनदा फोन आला, तो बाईंनीच उचलला आणि साच्यांना आज उशीर होईल म्हणून सांगितलं.